दोन-दोन मिनिटांची नाटकं करणाऱ्या कॉलेज ग्रुपमध्ये जाताय? मग हे या क्रमानेच करा

एक ते तीन मिनिटांची नाटकं, एका तासात वीस किंवा तीस. असा प्रकार करणाऱ्या स्टुडंट ग्रुपमध्ये नवीन मुलं येतात तेव्हा बहुतेक जण एकांकिकेची नाहीतर गॅदरिंगच्या स्किटची सवय घेऊन येतात आणि तिथेच गडबड होते. अभिनय चांगला असतो, कल्पना पण असतात, पण स्क्रिप्ट पाच मिनिटांची निघते, मग ती कापता कापता त्यातलं बरं तेवढंच जातं, तालमी फक्त डायलॉगच्या होतात आणि शोला अंधारात सगळे एकमेकांवर आपटत असतात. मी हे दर बॅचला बघतोय. छोट्या नाटकांचा शो पडतो तो नाटकांमध्ये कमी आणि दोन नाटकांच्या मधल्या सेकंदांमध्ये जास्त, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१. आधी ग्रुपचा फॉरमॅट विचारून घ्या

छोटी नाटकं म्हणजे सगळीकडे एकच प्रकार नसतो. पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचारा. नाटकांचा क्रम ठरलेला असतो की प्रेक्षक ठरवतात? पूर्ण शोला वेळेची मर्यादा आहे का? प्रत्येकाने लिहायचंय की लिहिणारे वेगळे? आणि स्टेजवर पात्र करायचंय की स्वतः म्हणूनच उभं राहायचंय?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच कोणी विचारत नाही. शिकागोच्या निओ-फ्युचरिस्ट्स या ग्रुपने १९८८ पासून जो प्रकार रुळवला त्यात ६० मिनिटांत ३० नाटकं करायचा प्रयत्न असतो, नंबरचे कागद दोरीवर टांगलेले असतात, प्रेक्षक नंबर ओरडतात तो कागद खेचायचा आणि ते नाटक लगेच सुरू करायचं, आणि घड्याळ सगळ्यांच्या समोर चालू असतं. त्यांचा नियम असा की तुम्ही जे आहात तेच आहात, जिथे आहात तिथेच आहात, जे करताय ते खरंच करताय आणि वेळ आत्ताची आहे. या नियमाने चालणाऱ्या ग्रुपमध्ये तुम्ही म्हातारबाबांचं पात्र लिहून नेलंत तर ते कितीही छान असलं तरी बसणार नाही. तिथे दमल्याचा अभिनय चालत नाही, खरोखर दम लागेपर्यंत जागेवर पळायचं आणि मग त्या धापांमध्ये बोलायचं.

चेक: ग्रुपचा शो एकदा प्रेक्षक म्हणून बघितलाय का? नसेल तर आधी तो बघा, तोपर्यंत काही लिहू नका.

२. पहिली मीटिंग: काय येतं यापेक्षा किती वेळ देणार ते सांगा

इथे फार वेळ घालवत नाही. ऑडिशन असेल तर पाठ केलेलं लांबलचक स्वगत नेऊ नका, बहुतेक ठिकाणी एखादी सूचना देऊन एका मिनिटात काहीतरी करायला सांगतात. त्यात ते तुमचा आवाज बघत नसतात, तुम्ही समोरच्याचं ऐकता का आणि 'थांब' म्हटल्यावर थांबता का हे बघतात.

परीक्षा, सबमिशन, घरचं कार्य, जे असेल त्या तारखा पहिल्याच दिवशी सांगून टाका. वीस नाटकांत एक माणूस आठ-नऊ नाटकांत असतो, त्यामुळे एक जण गळला की एक नाटक जात नाही, आठ जातात.

३. लिहिणं: एकच कृती शोधा

इथे सगळ्यात जास्त चुकतं म्हणून सविस्तर लिहितो.

नवीन लिहिणारा गोष्ट लिहितो. म्हणजे सुरुवात, ओळख, भांडण, कारण, शेवट. दोन मिनिटांत हे मावत नाही. दोन मिनिटांत मावते एक कृती, जी सुरू होते, अडते किंवा वाढत जाते आणि उलटते. विषय कितीही मोठा असू दे, स्टेजवर काय होतंय ते एका वाक्यात आणि क्रियापदात सांगता आलं पाहिजे.

उदाहरण देतो. आमच्या ग्रुपमधल्या एकीने होस्टेल सोडून जाणाऱ्या मैत्रिणीवर लिहिलं होतं. पहिल्या ड्राफ्टमध्ये तीन सीन: सामान भरणं, जुन्या आठवणी, निरोप. वाचायला साडेपाच मिनिटं. सगळ्यांना आवडलं, पण आठवणींचा सगळा भाग म्हणजे दोघी बसून एकमेकींना माहीत असलेल्या गोष्टी एकमेकींना सांगतायत. मग आम्ही विचारलं, यात नक्की काय होतंय? बराच वेळ ती गप्प होती, मग म्हणाली, "ती बॅग भरतेय आणि मला ती भरू द्यायची नाहीये." झालं, नाटक मिळालं.

दुसरा ड्राफ्ट असा झाला: एक जण बॅग भरते, चेन लावायला जाते, ती लागत नाही. दुसरी वाकून एक टीशर्ट काढते, "हा माझा आहे." पुन्हा चेन, पुन्हा लागत नाही. "ही ओढणी पण माझी." असं सहा वेळा. प्रत्येक वेळी चेन थोडी पुढे सरकते. शेवटी बॅग रिकामी होते आणि चेन एका झटक्यात सर्रकन लागते. दोघी त्या आवाजाकडे बघतात. संपलं. एक मिनिट पन्नास सेकंद. 'जाऊ नकोस' हे वाक्य कुठेही नाही.

लिहिताना हा क्रम ठेवा:

आधी कृती ठरवा. मग शेवटचं चित्र किंवा शेवटचा आवाज ठरवा, वर त्या चेनचा आवाज होता तसा. मग सुरुवात. डायलॉग सगळ्यात शेवटी, आणि कृतीने जे समजलं ते डायलॉगमधून परत सांगू नका. दोन मिनिटांच्या नाटकात बोलणं सव्वाशे-दीडशे शब्दांच्या वर गेलं की हालचालीला आणि पॉजला जागा उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

डायलॉग असलाच पाहिजे असंही नाही. सॅम्युएल बेकेट या आयरिश नाटककाराच्या 'ब्रेथ' या नाटकात नट पण दिसत नाही: कचरा पसरलेला स्टेज, एक रडणं, एक श्वास आत आणि एक बाहेर, त्याच्याबरोबर वाढणारा आणि उतरणारा प्रकाश, पुन्हा तेच रडणं. मिनिटभरही लागत नाही आणि तरी त्याला चढ-उतार आहे. नवीन मुलांच्या स्क्रिप्टमध्ये हाच चढ-उतार नसतो, पहिल्या दहा सेकंदांत जे कळतं तेच शेवटपर्यंत चालू राहतं.

नेहमीच्या चुका: शेवटी 'हे सगळं स्वप्न होतं'. शेवटी प्रेक्षकांकडे बघून संदेश. पूर्ण नाटक एका पंचसाठी, तो पंच लोकांना आधीच कळला की हातात काहीच नाही. आणि फोनवर एकट्याने बोलत सगळी माहिती देणं, हे तर दर बॅचला तीन जण तरी करतात.

सावधान: इंटरनेटवर मिळालेलं कुणाचं नाटक दोन मिनिटांचंच आहे म्हणून परवानगी न घेता करू नका, भाषांतर करून तर नाहीच. लांबी कमी असली म्हणून लेखकाचा हक्क कमी होत नाही. आणि मित्राच्या आयुष्यातली खरी गोष्ट लिहिली असेल तर ती आधी त्याला वाचून दाखवा, प्रयोगाच्या रात्री नाही.

४. वाचन आणि कापणं

स्क्रिप्ट मनात वाचून वेळ मोजू नका. उभं राहून, मोठ्याने, हालचालींसकट, कुणालातरी स्टॉपवॉच घेऊन बसवा. मनातल्या वाचनात दोन मिनिटांचं वाटणारं उभं राहिल्यावर सहज तीनच्या पुढे जातं.

वाचन झालं की लेखकाने गप्प बसायचं. समजावून सांगायचं नाही. ऐकणाऱ्यांनी आधी फक्त काय दिसलं, काय कळलं ते सांगायचं, आवडलं की नाही ते नंतर. जे कळायला हवं होतं ते कोणाच्याच बोलण्यात आलं नाही तर ते कागदावर नाहीये, तुमच्या डोक्यात आहे.

कापायला सुरुवात वरून करा. पहिल्या तीन-चार ओळी जवळजवळ नेहमी जातात, कारण त्या लिहिणाऱ्याने स्वतः लयीत यायला लिहिलेल्या असतात. त्यानंतर शेवटची ओळ झाकून बघा, त्याच्या आधीच्या ओळीवर नाटक संपतंय का? बहुतेकदा संपतं आणि जास्त चांगलं संपतं.

चेक: तालमीत १ मिनिट ५० सेकंद आलं पाहिजे. प्रेक्षक हसले की थांबावं लागतं, नवीन लोकांसमोर पॉज लांबतात, त्यामुळे तालमीत पूर्ण दोन मिनिटं भरलेलं नाटक शोमध्ये जास्तच घेणार.

५. प्रत्येक नाटकाचं कार्ड बनवा

हे कंटाळवाणं आहे आणि हेच सगळे टाळतात. एक नाटक, एक कार्ड. त्यावर: नाव आणि नंबर, कोण कोण आहे, सुरुवातीला कोण कुठे, प्रॉपर्टी (म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तू) काय आणि ती कुठे ठेवलेली, लाइट, साउंड, पहिला क्यू (म्हणजे कशावर सुरू करायचं तो इशारा), शेवटचा क्यू आणि संपल्यावर स्टेजवर काय उरतं.

ती शेवटची ओळ विसरू नका. बॅगच्या नाटकात शेवटी सहा कपडे जमिनीवर उरायचे. पहिल्या दोन तालमींत ते उचलायला चार जण धावायचे आणि गोंधळ व्हायचा. मग दिग्दर्शन करणाऱ्याने म्हटलं, कपडे 'माझे आहेत' असं जी म्हणते तिनेच ते सगळे कवटाळून न्यायचे आणि दुसरीने बॅग. एक मजा बघा, चेनच्या आवाजानंतर ती कपड्यांचा ढीग छातीशी धरून जाते आणि दुसरी हलकी बॅग घेऊन, हे नाटकातच जमा झालं, आणि स्टेज सहा सेकंदांत रिकामं.

जो सांडतो त्यानेच पुसायचं, आणि ते पुसणं नाटकाच्या वेळेत धरायचं, हा नियम कडक ठेवा. क्रम प्रेक्षक ठरवत असतील तर पाण्याच्या नाटकानंतर अनवाणी पळायचं नाटक येऊ शकतं. आमच्याकडे आलं होतं. आधी कागद फाडायचं एक नाटक झालेलं, त्याचे बारीक तुकडे राहिलेले, मग पाणी सांडलं, आणि नंतर पळणाऱ्या मुलाच्या तळपायाला तो ओला कागद चिकटला आणि तो घसरून कोपरावर पडला. लोकांना वाटलं नाटकच आहे, टाळ्या आल्या. त्याचा हात दोन आठवडे दुखत होता.

६. तालमी: कशानंतर काय

बहुतेक ग्रुप सगळी नाटकं थोडी थोडी करत बसतात आणि शेवटच्या आठवड्यात एकदा सलग घेतात. तसं नको.

पहिला टप्पा, प्रत्येक नाटक सुटं बसवा. एका नाटकाला एका दिवशी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, दोन मिनिटांचं नाटक तासभर घासलं की त्यातला ताजेपणा जातो. आधी शेवट बसवा, मग सुरुवात, मग मधलं. कारण शोमध्ये घाई होते ती शेवटालाच.

दुसरा टप्पा, फक्त बदल. कुठलंही नाटक पूर्ण करायचं नाही. नाटक क्रमांक चारची शेवटची ओळ, बदल, नाटक क्रमांक अकराची पहिली ओळ, थांबा. पुन्हा दुसरी जोडी. स्टॉपवॉच लावून. याचा हिशोब करून बघा, वीस नाटकं म्हणजे मधले एकोणीस बदल, आणि प्रत्येक बदलाला १० ऐवजी ४५ सेकंद लागले तर ६६५ सेकंद जास्तीचे गेले, म्हणजे अकरा मिनिटं, म्हणजे पाच नाटकं. लोक डायलॉग पटापट बोलून वेळ वाचवायला जातात आणि नाटकाचं वाटोळं करतात, खरी वेळ इथे सांडत असते.

तिसरा टप्पा, चिठ्ठ्या टाकून रनथ्रू, म्हणजे सगळी नाटकं सलग. क्रम प्रेक्षक ठरवत असतील तर ठरलेल्या क्रमाने कधीच करू नका, नाहीतर शरीराला क्रम पाठ होतो आणि शोला सातनंतर आठच्या जागी एकोणीस आलं की माणूस विंगेत नुसता उभा राहतो. असे निदान तीन रनथ्रू हवेत.

नाटक संपलं हे सांगणारा एक शब्द ठरवा. कुणी 'पडदा' म्हणतं, कुणी 'संपलं'. कोणताही चालेल पण एकच, आणि तो प्रत्येक नाटकात कोण म्हणणार ते कार्डवर लिहिलेलं पाहिजे. तो शब्द ऐकल्यावरच प्रेक्षकांनी नंबर ओरडायचा. नाहीतर मधल्या पॉजला कोणीतरी "तेरा!" म्हणून ओरडतो आणि सगळं गेलं.

सावधान: मारामारी, ढकलणं, मिठी, जवळीक, जे काही शरीराला शरीर लागणारं आहे ते आधी बोलून, मोजून, पायरी पायरीने बसवा. शोच्या भरात त्यात काहीही नवीन घालायचं नाही. एखाद्याला नको वाटत असेल तर त्याने कारण द्यायची पण गरज नाही, दुसरा मार्ग शोधा. प्रायोगिक आहे म्हणून सगळं चालतं असं अजिबात नाही.

७. टेक्निकल: कमी ठेवा

वीस नाटकांना वीस वेगळे लाइट लावायला जाऊ नका. पूर्ण प्रकाश, एक स्पॉट, एक बाजूचा प्रकाश आणि ब्लॅकआउट, एवढ्यात बहुतेक सगळं होतं. क्रम बदलता असेल तर ऑपरेट करणाऱ्याकडे क्यूंची सलग यादी चालत नाही, त्याच्याकडे प्रत्येक नाटकाचं वेगळं कार्ड हवं, आणि साउंडच्या फाइलींना सुरुवातीलाच नाटकाचा नंबर द्या म्हणजे शोधावं लागणार नाही.

ब्लॅकआउट शक्यतो टाळा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात, तुमच्याकडे असतात आठ सेकंद. प्रकाशात, सगळ्यांसमोर, पटापट केलेला बदल बघायला लोकांना उलट आवडतो. ब्लॅकआउट लागलाच तर तो व्हायच्या आधी जमेल तितका जास्त वेळ एक डोळा मिटून ठेवा आणि अंधार झाल्यावर उघडा, त्या डोळ्याने थोडं जास्त दिसतं. जागांना रेडियम टेप लावा, आणि शोच्या आधी तिच्यावर लाइट पडू द्या, नाहीतर ती चमकतच नाही.

प्रॉपर्टीचं टेबल विंगेत. त्यावर मोठा कागद पसरा, प्रत्येक वस्तूची जागा मार्करने आखा आणि आत नाटकाचा नंबर लिहा. रिकामी चौकट दिसली की काय हरवलंय ते लगेच कळतं.

सावधान: खरी आग नको. जमिनीवरच्या वायरी पूर्ण लांबीला टेपने चिकटवा. झपझप उघडझाप करणारा लाइट वापरणार असाल तर प्रेक्षकांना आत येण्याआधी सांगा, काही लोकांना त्याने फीट येऊ शकते. आणि प्रेक्षकांना स्टेजवर बोलवायचं असेल तर विचारा, हात धरून ओढू नका.

८. शोचा दिवस

दोन तास आधी पोहोचा. क्रम: स्टेज झाडा, टेप तपासा, प्रॉपर्टी टेबल लावा, मग प्रत्येकाने आपली प्रॉपर्टी हातात घेऊन चालवून बघायची. बघायची म्हणजे नजरेने नाही. बॅगची चेन एकदा पूर्ण लावून, पूर्ण उघडून. आमच्या एका शोला चेनमध्ये दोरा अडकला होता आणि ज्या आवाजावर अख्खं नाटक उभं होतं तो आलाच नाही.

प्रेक्षक आत आल्यावर एकाने दीड मिनिटात नियम सांगायचे: नंबर कधी ओरडायचा, कोणता शब्द ऐकल्यावर, घड्याळ कुठे आहे. आणि एक नंबर त्यांच्याकडून ओरडून घ्या, नुसतं सांगितलं तर पहिल्या नाटकानंतर हमखास शांतता पसरते. दोन नंबर एकदम आले तर कागद खेचणारा जो ठरवेल तो, त्यावर चर्चा नाही.

डायलॉग विसरलात तर मागे जाऊ नका. कृती माहीत आहे ना, ती पुढे न्या. बॅगवाल्या नाटकात एकदा मधल्या दोन वस्तूंची नावंच आठवली नाहीत, तिने नुसत्या काढल्या आणि छातीशी धरल्या, कोणाला काही कळलं नाही.

घड्याळ संपलं आणि नाटकं उरली तर तिथेच थांबा. उरलेली दोन घाईघाईत कोंबू नका. वेळेचा नियम तुम्ही स्वतः लोकांना सांगितलाय, तो तुम्हीच मोडलात तर पुढच्या शोला घड्याळाकडे कोणी बघणार नाही.

९. शो झाल्यावर, त्याच रात्री

फोटो नंतर. आधी स्टेज मोकळं करा आणि प्रॉपर्टी मोजून बॉक्समध्ये टाका. मग सगळे गोलात बसून फक्त तीन गोष्टी लिहा: कोणतं नाटक वेळेच्या वर गेलं, कोणता बदल अडकला, कोणती वस्तू तुटली. अभिनयावर त्या रात्री बोलू नका, सगळे दमलेले असतात आणि लागणारं बोललं जातं. ते दुसऱ्या दिवशी.

नाटकं बदलत राहणारा ग्रुप असेल तर कोणती काढायची हे पण दुसऱ्याच दिवशी. निओ-फ्युचरिस्ट्स किती नवीन नाटकं आणायची ते फासा टाकून ठरवतात, तुम्ही कसंही ठरवा पण आकडा आधी ठरवा आणि नावं नंतर. नावांपासून सुरुवात केली की प्रत्येक जण आपलं वाचवायला बसतो.

काढलेल्या नाटकांची कार्डं फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. तुटलेल्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख त्या कार्डवरच लिहा. आणि बॅग बॉक्समध्ये ठेवताना कपडे भरून, चेन उघडी ठेवून ठेवा, पुढच्या शोला नाटक तिथूनच सुरू होणार आहे.